अभंग स्पेस

आमच्या सोसायटीच्या गेल्या वर्षीच्या स्मरणिकेत बाराव्या पानाच्या शेवटच्या ओळीत, अगदी उजव्या टोकाला, 'कै.' एकटाच उरला होता. ज्यांच्या नावाआधी तो लागायचा ते आमचे संस्थापक शेजारच्या तेराव्या पानावर गेले होते. जायला हरकत नव्हती. पण तेराव्या पानाच्या माथ्यावर विद्यमान अध्यक्षांचा हसरा फोटो होता आणि फोटोखाली ठळक अक्षरांत त्यांचं नाव. संस्थापक त्याच्याही खाली, बारीक टाइपात. वाचणाऱ्याची नजर 'कै.' वाचून वर चढायची आणि थेट अध्यक्षांच्या चेहऱ्यावर उतरायची. पहिला फोन सांगलीहून, अध्यक्षांच्या मेहुण्यांचा आला. इकडून "हॅलो" ऐकल्यावर ते जरा वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "भाऊजी, आवाज ऐकून बरं वाटलं."

यंदाच्या बैठकीत पहिला विषय पाण्याची टाकी आणि दुसरा 'कै.' होता. टाकी नेहमीप्रमाणे पुढच्या बैठकीवर गेली. दुसऱ्या विषयावर मात्र चटकन एकमत झालं, आणि ते माझ्यावर येऊन पडलं.

"सर, तुम्ही पस्तीस वर्षं मराठी शिकवलंत," अध्यक्ष म्हणाले. "यंदाचा अंक तुम्ही बघा. 'कै.' कुणाला लागता कामा नये."

"ज्यांना लागायचा त्यांना तरी?" सेक्रेटरींनी विचारलं.

अध्यक्षांनी थोडा विचार केला. "त्यांना लागू दे. पण घट्ट."

घट्ट कसा लावायचा हे मला माझ्या भाच्याने शिकवलं. तो संगणकातलाच आहे. म्हणजे रोज सकाळी त्यात जातो आणि रात्री जेवायला बाहेर येतो. "मामा, नुसता स्पेसबार दाबू नकोस. कंट्रोल आणि शिफ्ट धरून ठेव आणि मग स्पेसबार दाब. ही नॉन-ब्रेकिंग स्पेस. जागा दिसते, पण ओळ तिथे तुटत नाही. गेले तर दोन्ही शब्द एकत्र जातात."

मी दाबून पाहिलं. काहीच झालं नाही. म्हणजे जागा उमटली, पण मोकळी जागा मोकळीच दिसणार, तिच्या कपाळावर काय लिहिलेलं असणार? मग भाच्याने वरच्या पट्टीतलं उलट्या 'पी'सारखं चिन्ह दाबलं आणि पडद्यावर छपून बसलेलं सगळं उघडं पडलं. साध्या जागांमध्ये मधोमध एकेक टिंब होतं आणि मी घातलेल्या जागेत, वरच्या अंगाला, बारकंसं वर्तुळ. तापमान लिहिताना अंशासाठी घालतो अगदी तसं. पु. ल. देशपांडे यांचं नाव हवामान खात्याच्या पत्रकासारखं दिसायला लागलं: पु अंश, ल अंश, उर्वरित भागात देशपांडे.

हिला मराठीत काय म्हणावं, याचा मी दोन दिवस विचार केला. 'अविभाज्य अवकाश' म्हटलं तर ती खगोलशास्त्रात जाते. 'न तुटणारी जागा' म्हटलं तर भाऊबंदकीचा दावा वाटतो. मग लक्षात आलं की ज्याचा भंग होत नाही त्याला आपल्याकडे एक फार चांगला शब्द आहे आणि मी तो पस्तीस वर्षं वेगळ्याच तासाला वापरत होतो. वारकऱ्यांची क्षमा मागून मी तिला अभंग स्पेस म्हणू लागलो.

या स्पेसची गरज मराठी माणसाइतकी क्वचितच कुणाला असेल. आपण मोठ्या माणसाला नावाने ओळखत नाही, टिंबांनी ओळखतो. वि. स. खांडेकर, ना. सी. फडके, प्र. के. अत्रे, चिं. वि. जोशी. प्रत्येक नावात दोन फटी आणि प्रत्येक फटीत ओळ तुटायला टपून बसलेली. 'लेखक : स. खांडेकर' असं उत्तर मी स्वतः तपासलेलं आहे. मी मुलाला बोलावून विचारलं, 'वि.' कुठे गेला? त्याने गाइड उघडून दाखवलं. 'वि.' वरच्या ओळीच्या शेवटी होता आणि तो आदल्या वाक्यातला काहीतरी उरलेला भाग असणार, असा त्या मुलाचा प्रामाणिक समज होता. मी त्याला अर्धा गुण दिला. न्या. म. गो. रानडे यांच्या नावात तीन फटी आहेत. महामहोपाध्याय दत्तो वामन पोतदारांचं नाव संक्षेपाने लिहिलं की ते नाव राहतच नाही, मालगाडी होते: म. म. द. वा. असे चार छोटे डबे आणि मागे पोतदार. ती कुठल्या स्टेशनात तुटेल याचा नेम नाही.

लग्नपत्रिकेत तर तुटणं अंगावर येतं. 'चि. सौ. कां.' यातला 'सौ.' ओळीच्या शेवटी राहिला आणि 'कां.' खालच्या ओळीत गेला, की मुलगी मुहूर्ताच्या आधीच सौभाग्यवती होते आणि कांक्षा तेवढी मागे उरते. देणगीदारांच्या यादीत 'रु.' वर आणि '५०१' खाली गेले की देणगीदार पावतीपुस्तक घेऊन दारात उभा. ही एक अडचण मात्र २०१० साली आलेल्या रुपयाच्या चिन्हाने सोडवली; ते आकड्याला चिकटूनच बसतं, मधे फटच नाही.

यावरून मला एक संशय यायला लागला आहे आणि तो मी इथे प्रथमच मांडतो. आपल्या कवींनी टोपणनावं का घेतली याची समीक्षकांनी फार गंभीर कारणं दिली आहेत. पण केशवसुत, गोविंदाग्रज, कुसुमाग्रज ही नावं एकदा छापखान्याच्या नजरेने बघा. एकाही नावात फट नाही. वि. वा. शिरवाडकर या नावाला दोन ठिकाणी गाठ मारावी लागते. कुसुमाग्रज आख्खे या ओळीत नाहीतर आख्खे त्या ओळीत. ज्यांनी स्वतः टोपणनाव घेतलं नाही त्यांचं लोकांनी केलं. पु. ल. यांचे पुलं झाले, ग. दि. मा. यांचे गदिमा झाले, जी. ए. कुलकर्णी यांचे जीए. आपण त्याला प्रेम म्हणतो. असेलही. पण फट बुजवल्यावर ओळीच्या शेवटी जो निवांतपणा मिळतो, त्याचाही त्या प्रेमात काही वाटा असावा.

स्मरणिका सोसायटीची असल्यामुळे आम्हाला टोपणनावांची सोय नव्हती. संस्थापकांना त्यांच्या हयातीत जे टोपणनाव होतं ते छापण्यासारखं नाही. तेव्हा मी अभंग स्पेस घालत सुटलो आणि तिथेच खरा गुंता सुरू झाला, कारण मजकूर जस्टिफाय केलेला होता.

जस्टिफाय म्हणजे इंग्रजीत समर्थन करणं. छापखान्यात मात्र ओळीची दोन्ही टोकं दोन्हीकडच्या समासांना टेकवणं. हे पंगतीसारखं असतं. भिंतीपासून भिंतीपर्यंत पाट मांडायचे. नऊ जणांची जागा आहे आणि आले सात, तर यजमान काय करतो? पाट थोडे थोडे सरकवतो. पहिला पाट या भिंतीला, शेवटचा त्या भिंतीला, आणि मधल्या फटी सारख्या वाढवतो. माणसं जाड होत नाहीत, फटी रुंद होतात. शेवटच्या ओळीला तेवढी सूट: उशिरा आलेले दोघे-तिघे कसेही बसले तरी चालतात.

हा हट्ट नुसत्या देखणेपणासाठी आहे असं आपल्याला वाटतं, पण त्याचं मूळ धातूत आहे. खिळ्यांच्या काळात जुळारी हातातल्या स्टिकमध्ये एकेक खिळा लावून ओळ जुळवायचा. ओळ पूर्ण भरली नाही तर खिळे सैल राहायचे आणि उचलताना बदाबदा खाली. म्हणून फटीत भरायला धातूचे बुटके तुकडे असत, ते खिळ्यांपेक्षा उंचीला कमी, म्हणजे त्यांना शाई लागत नसे. टाइपाच्या उंचीइतकी रुंदी म्हणजे एक एम; त्याचा तिसरा हिस्सा ती जाड स्पेस, चौथा हिस्सा मधली, पाचवा हिस्सा पातळ. कुठे जाड घालायची आणि कुठे पातळ, हे जुळाऱ्याची बोटं ठरवायची. नाव तुटतंय असं दिसलं की तो आधीच्या फटी थोड्या दाबायचा नाहीतर सैल करायचा. फारच अडलं तर छापखान्याचा पोऱ्या लेखकाकडे निरोप घेऊन जायचा: दोन शब्द कमी करा, नाहीतर दोन वाढवा. साहित्यातली कितीतरी विशेषणं अशी पोऱ्याच्या हातून आलेली असणार.

मराठीला या पंगतीत जरा जास्तच त्रास होतो. हिंदीवाले 'राम ने' असं सुटं लिहितात, म्हणजे त्यांना एक फट फुकटात मिळते. आपण 'रामाने' लिहितो. 'शेजाऱ्यांच्याबरोबरसुद्धा' हा आपल्याकडे एकच शब्द आहे आणि वर्तमानपत्राच्या कॉलमात तो आडवा झोपला की शेजारी फार तर दोन शब्द बसतात. तीन शब्दांच्या ओळीत फटी दोनच. सगळी ओढाताण त्या दोन फटींनी सोसायची. संयोगचिन्ह देऊन शब्द तोडता येतो, पण आपण ते सहसा करत नाही. शब्द तुटलेला आपल्याला बघवत नाही. ओळीला पडलेली भगदाडं बघवतात.

आता त्या पंगतीत एक जोडपं आलं. त्यांनी दारातच सांगितलं, आम्हाला शेजारी शेजारीच बसवा. जागा नसेल तर दोघंही पुढच्या पंगतीला. हे झालं अभंग स्पेसचं काम. पण यजमान पाट सरकवायला लागला की प्रश्न येतो: या दोघांच्या मधली फट वाढवायची की नाही? त्यांनी एकत्र बसायचं म्हटलंय, किती जवळ ते कुठे सांगितलंय?

या प्रश्नावर संगणकाच्या जगात दोन पक्ष आहेत. मायक्रोसॉफ्टच्या वर्डचं २०१० पर्यंतचं मत होतं की वाढवायची नाही. अभंग स्पेस ठरल्या रुंदीची. बाकीची ओळ कितीही ताणली तरी ही हलणार नाही. त्यामुळे सगळी पंगत हात हात अंतरावर बसलेली आणि मधेच हे एक जोडपं गुडघ्याला गुडघा लावून. नावं जरा जास्तच प्रेमात पडल्यासारखी दिसायची. मग २०१३ च्या वर्डने मत बदललं. अभंग स्पेसही आता इतरांसारखीच ताणली जाते. आता ते जोडपं लग्नाला चाळीस वर्षं झाल्यासारखं दिसतं: एकमेकांना सोडून जात नाहीत, पण मधे अंतर सगळ्यांइतकंच.

पुस्तकी नियम कुणाच्या बाजूने आहे हे मी शोधलं. जगातल्या सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारं जे युनिकोड, त्याचं ओळ कुठे तोडावी यावर एक स्वतंत्र परिशिष्ट आहे, क्रमांक १४. त्यात म्हटलंय की फटी कमीजास्त करायच्या तर साधी स्पेस आणि अभंग स्पेस दोन्ही कमीजास्त होतात. म्हणजे शास्त्र नव्या वर्डकडे. पण शास्त्रापेक्षा रूढी बलवान. ज्यांनी वर्षानुवर्षं 'ही फट हलत नाही' या भरवशावर घरं बांधली होती, त्यांची घरं एका रात्रीत सरकली. वर्डने त्यांच्यासाठी पळवाट ठेवली: जुनी फाईल नव्या वर्डमध्ये उघडली की ती जुन्याच रीतीने वागते, फक्त वर 'कम्पॅटिबिलिटी मोड' असं लिहून येतं. सासूबाई आहेत तोवर घरातले सणवार जसे जुन्या पद्धतीने चालतात, तसं.

जुन्या वर्डमध्ये आणखी एक गंमत होती. पर्यायांच्या लांबलचक यादीत खोल एक चौकोन होता. त्यावर टिचकी मारली की वर्ड आपल्या प्रतिस्पर्ध्याच्या, म्हणजे वर्डपरफेक्टच्या, पद्धतीने जस्टिफाय करायचा. वर्डपरफेक्ट फटी नुसत्या ताणायचा नाही, दाबायचाही, आणि त्यामुळे ओळ जास्त नेटकी बसायची. शेजारणीची आमटी आपल्यापेक्षा चांगली होते हे कबूल करून तिची कृती आपल्याच स्वयंपाकघरात, पण कपाटाच्या मागच्या कप्प्यात ठेवण्याचा हा मोठेपणा मला फार आवडला. पानं लावायच्या इनडिझाइन या प्रोग्रॅमने तर भांडणच ठेवलं नाही. त्याच्या यादीत दोन्ही प्रकार आहेत: ताणणारी अभंग आणि ठरल्या रुंदीची अभंग. शिवाय फट किती टक्क्यांपर्यंत दाबायची आणि किती टक्क्यांपर्यंत ताणायची हेही विचारतं. आपण काही बोललो नाही तर ८० आणि १३३ धरून चालतं. लग्नात 'जेवणात गोड काय' विचारणारा केटरर असतो ना, तसं.

एवढं ज्ञान झाल्यावर माणूस स्वस्थ बसत नाही. स्मरणिकेत चाळीस लेख, प्रत्येकात नावंच नावं. एकेक फट शोधून कंट्रोल-शिफ्ट दाबत कोण बसणार? मी 'शोधा आणि बदला' उघडलं. टिंब आणि त्यापुढे साधी स्पेस दिसेल तिथे टिंब आणि अभंग स्पेस घाल, असा हुकूम दिला आणि 'सगळीकडे बदला' दाबलं. दोन हजारांवर बदल झाल्याचं संगणकाने नम्रपणे कळवलं. मी फाईल साठवली, बंद केली आणि चहा प्यायलो. तो चहा मला अजून आठवतो, कारण त्यानंतर बराच काळ मला इतकं समाधान लाभलं नाही.

टिंब फक्त नावातच असतं असं मी धरून चाललो होतो. वाक्य संपल्यावरही टिंब येतं, ही गोष्ट मी पस्तीस वर्षं दुसऱ्यांना शिकवली होती. आता प्रत्येक वाक्याचा शेवटचा शब्द पुढच्या वाक्याच्या पहिल्या शब्दाला बेडी घातल्यासारखा जखडला गेला. मराठी वाक्य 'आहे'वर नाहीतर 'होते'वर संपतं, त्यामुळे पानोपानी 'होते' पुढच्या माणसाचा हात धरून खालच्या ओळीत उड्या मारत होते. मागे उरलेल्या ओळी समासाला टेकण्यासाठी जिवाच्या आकांताने ताणल्या गेल्या. पानावरून वरपासून खालपर्यंत पांढरे ओघळ आले. गळक्या गच्चीवरच्या लेखात ते शोभूनही दिसत होते, पण तो एकच लेख.

"मामा, फक्त एक-दोन अक्षरी शब्दांनंतरच बदल, असं सांगता येतं," भाचा म्हणाला. आम्ही तसं केलं. मग 'हो.', 'ना.', 'तो.', 'मी.' हेही सगळे अडकले. 'ना. सी. फडके' यातला 'ना.' आणि 'तुम्ही आलात ना.' यातला 'ना.' यांत संगणकाला काय फरक? त्याच्या दृष्टीने दोन्हीकडे न, काना आणि टिंब.

हा फरक माणसानेच सांगावा लागतो, ही गोष्ट पन्नासएक वर्षांपूर्वी एकाला नीट कळली होती. डोनाल्ड क्नूथ हे अमेरिकेतले संगणकशास्त्राचे प्राध्यापक. १९७७ साली त्यांच्या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं आली ती इतकी वाईट दिसत होती, की त्यांनी ग्रंथ बाजूला ठेवला आणि आधी मजकूर जुळवणारी यंत्रणाच लिहायला घेतली. आमच्यासारखा माणूस प्रुफं वाईट आली तर प्रेसला एक कडक पत्र लिहितो. क्नूथांनी 'टेक' लिहिलं, आणि त्यात काही वर्षं गेली. ओळी तोडताना टेक एकेक ओळ बघत नाही, आख्खा परिच्छेद बघतो. वाईट ठिकाणी तोडलं तर दंड मोजतो आणि एकूण दंड कमीत कमी होईल अशी मांडणी निवडतो. आणि अभंग स्पेस? ती टेकमध्ये लहरी रेघेने लिहितात. क्नूथ तिला गाठ म्हणतात. गाठीवर ओळ तोडण्याचा दंड दहा हजार. टेकच्या हिशोबात दहा हजार म्हणजे अनंत. दंड लावून बेकायदा गोष्ट थांबवायची असेल तर किती लावावा, याचं उत्तर आमच्या पार्किंगच्या समितीने तिथून घ्यावं.

गाठ मात्र ताणली जाते, क्नूथांच्याही पंगतीत. आणि कुठे गाठ मारावी याची उदाहरणं देताना त्यांनी स्वतःचंच नाव घेतलंय. डोनाल्ड आणि ई. यांच्यात गाठ, ई. आणि क्नूथ यांच्यात नाही. आडनाव खालच्या ओळीत गेलं तरी चालेल, आद्याक्षर एकटं पडता कामा नये. हे वाचून मी खुर्चीतून उठलो. म्हणजे 'वि.' आणि 'स.' बांधायचे, खांडेकरांना मोकळं सोडायचं! पोतदारांच्या मालगाडीचे चार डबे जोडायचे, शेवटच्या जोडणीला कुलूप नको. मी सगळ्या दोन हजार गाठी सोडल्या आणि आठ दिवस बसून हाताने पुन्हा मारल्या. सौ.नी विचारलं, काय करताय? म्हटलं, मोकळ्या जागा भरतोय. त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

जगात हे दुःख आपलं एकट्याचं नाही, हे त्या आठ दिवसांत कळलं. फ्रेंच लोक प्रश्नचिन्हाआधी जागा सोडतात आणि ती अभंग नसेल तर प्रश्न या ओळीत आणि प्रश्नचिन्ह पुढच्या ओळीत एकटंच चकित होऊन उभं. पोलिश माणसाला ओळीच्या शेवटी एकाक्षरी शब्द राहिलेला खपत नाही. आपले मोडीवाले मात्र या सगळ्यांतून सुटले होते. आधी कागदभर आडवी रेघ ओढायची आणि मग तिला शब्दांना शब्द लागून अक्षरं टांगत जायचं. शब्दांत फटच नाही, तर तुटणार काय आणि ताणणार काय? लिपीच्या नावातच मोडणं होतं, आणि ओळ तेवढी भिंतीपासून भिंतीपर्यंत.

अभंग स्पेसचा एक दुर्गुण मला उशिरा कळला. तिला घरात घेतली की ती दिसत नाही आणि जातही नाही. सभासदांची यादी मी एका वेबपानावरून उचलून तक्त्यात टाकली होती. तक्ता म्हणे, तळमजल्यावरच्या काकूंची वर्गणी जमाच नाही. काकूंच्या हातात पावती. यादीत नाव आहे, वर्गणीच्या तक्त्यात नाव आहे, दोन्ही नावं डोळ्यांना तंतोतंत सारखी, आणि तक्ता छातीठोकपणे सांगतोय की या दोन वेगळ्या बाया आहेत. भाच्याने शोधून काढलं: एका नावात साधी स्पेस, तिचा क्रमांक ३२; दुसऱ्या नावात अभंग, तिचा क्रमांक १६०. आजूबाजूच्या फालतू स्पेस झाडून काढायचं जे सूत्र तक्त्यात असतं ते १६०ला हात लावत नाही. काकूंना मी हे समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, "म्हणजे तुम्ही माझ्या नावात काहीतरी घातलंत." नाही म्हणता येईना.

अखेर सगळं घेऊन आम्ही डीटीपीवाल्या ताईंकडे गेलो. अध्यक्ष स्वतः आले होते. गेल्या वर्षीपासून ते छापण्याआधी आपण हयात असल्याची खात्री करून घेतात. ताईंनी पानं लावली. 'कै.' कुठेही एकटा नव्हता. संस्थापकांच्या नावाला मी 'कै.'पासून आडनावापर्यंत सगळ्या गाठी मारल्या होत्या. क्नूथांचं ऐकून आडनाव मोकळं सोडणार होतो, पण अध्यक्षांचा 'घट्ट' आठवला. त्यामुळे चौदाव्या पानाच्या तळाशी जागा न मिळाल्यावर संस्थापक 'कै.'सकट, सहकुटुंब म्हणावं तसे, पंधराव्या पानावर गेले होते. तिथे यंदा फोटो नव्हता. मी सुटकेचा श्वास सोडला.

अध्यक्ष मात्र चौदाव्या पानाच्या शेवटच्या ओळीकडे बघत होते. संस्थापक निघून गेल्यावर तिथे चारच शब्द उरले होते, 'विद्यमान अध्यक्षांच्या हस्ते संस्थापक', आणि ते चार शब्द समासापासून समासापर्यंत पसरून बसले होते. मधल्या प्रत्येक फटीतून स्कूटर गेली असती.

"इथे काही छापायचं राहिलंय का?" त्यांनी विचारलं.

मी जुना आणि नवा वर्ड, परिशिष्ट क्रमांक १४, दहा हजारांचा दंड वगैरे सांगायला तोंड उघडलं. ताईंनी चष्मा वर सरकवून ओळीकडे एकदा पाहिलं. "काका, गाठ सोडायची नसेल तर एखादा शब्द वाढवा. जागा आहे."

"वाढवता येतो?" अध्यक्ष म्हणाले. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता. "मग 'अध्यक्षांच्या'च्या आधी 'कर्तव्यदक्ष' घाला."

ताईंनी घातला. फटी जरा आवळल्या. ताईंनी मान तिरपी करून बघितलं. "अजून थोडी सैल आहे. एक बसेल."

अध्यक्ष खुर्ची पुढे ओढून पडद्याजवळ सरकले. "लांब शब्द चालेल की आखूड?"